वर्तमानपत्रासमोरची खूण

१. या नाटकाविषयी तुम्हाला कुठून कळलं? (एकाच ठिकाणी खूण करावी.)
☐ ओळखीचे कलाकार ☐ हस्तपत्रक ☐ इंटरनेट ☐ वर्तमानपत्र ☐ इतर

किटलीचं झाकण वाजलं तशी मुत्सुएने अंधारातच वहीत एक रेघ ओढली.

रंगमंचावर दोघे भाऊ शेगडीच्या दोन बाजूंना बसले होते. धाकटा नुकताच म्हणाला होता, "कारखाना मी विकणार नाही." थोरला काहीतरी उत्तर देणार, इतक्यात लोखंडी किटलीतलं पाणी उकळीला आलं आणि झाकण तीनदा वाजलं. थोरला बोललाच नाही. मुत्सुएने रेघेखाली आणखी एक रेघ ओढली. शुक्रवारच्या सदराचा विषय तिला सापडला होता.

शेहेचाळीस खुर्च्यांच्या त्या सभागृहात ती एकटीच प्रेक्षक होती. पाचव्या रांगेत, मधोमध. शेजारच्या खुर्चीवर तिचा कोट, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी. खालच्या लोणच्याच्या दुकानातला आंबूस वास जिन्याने वर येऊन पडद्यांत कायमचा मुरलेला होता. रंगीत तालीम संपली, दिवे लागले आणि थोरला भाऊ शेगडीजवळून उठून रंगमंचाच्या कडेला आला. हा चिदा. नाटक त्याचं, दिग्दर्शन त्याचं, थोरला भाऊही तोच. एरवी तो पालिकेच्या पाणीपट्टी विभागात बसतो. आज त्याने रजा टाकली होती.

"सेन्सेई, जाग्या आहात ना? अंधारात आम्हाला कळत नाही." पेपरात लिहिणारी म्हणून मंडळी मुत्सुएला मानाने 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत.

"थोरल्या भावाने पहिली वीस मिनिटं झोपवलं. मग झाकणाने उठवलं."

"म्हणजे माझ्यापेक्षा झाकण बरं."

"झाकणाला पाठांतर लागत नाही."

चिदा हसला. मागून धाकट्या भावाचं काम करणाराही हसला, पण तो बिचारा दमल्यामुळे हसत होता. मुत्सुए हसली नाही. पिशवीत वही ठेवताना तिने आतला मोबाइल एकदा पालथा करून पाहिला.

मोरिओका शहरात नाटक शुक्रवारी उघडतं आणि रविवारी दुपारी बंद होतं. तीन दिवस, चार प्रयोग. सायंदैनिकातलं 'शुक्रवारचा फेरफटका' हे सदर शुक्रवारीच येतं. प्रयोग पाहून लिहायचं तर छापून येईपर्यंत मंडळी सामान टेम्पोत भरून घरी गेलेली असतात. म्हणून बावीस वर्षं मुत्सुए गुरुवारची रंगीत तालीम बघत आली होती आणि रात्रीतून लेख देत आली होती. शनिवार-रविवार दुसरं काहीतरी असायचं. स्टेशनजवळच्या गॅलरीत पोस्टरं, नदीकाठच्या दुकानात नव्या घडणीच्या लोखंडी किटल्या, कुणा तरुण सुताराच्या खुर्च्या. एकदा पाहिलेलं नाटक पुन्हा फुकटात बघायला बसणं तिला बरंही वाटत नसे. अशी तीनशेच्या वर नाटकं तिने रिकाम्या सभागृहात पाहिली होती. लेखाखाली नाव नसे. फक्त 'ओ.' तिच्या आडनावाचा, ओबाराचा ओ.

"चिदा, एक मागायचं होतं. तुमच्या प्रश्नावल्या. जुन्या सगळ्या."

"प्रेक्षक भरतात त्या? आमच्याच वाचून होत नाहीत. काय करणार त्यांचं?"

"मोजायच्या आहेत."

चिदाने मान तिरकी केली. "फुमीसानना सांगतो. खोकी त्यांच्या ताब्यात. उद्या सकाळी या. आणि जाड मोजे घालून या, तिथे हीटर नाही."

२. आज तुम्ही कुणाबरोबर आलात?
☐ एकटे ☐ घरचे ☐ मित्रमंडळी ☐ सहकारी

नारिताचा फोन त्याच गुरुवारी सकाळी आला होता. नारिता तिचा संपादक, चौतीस वर्षांचा, त्याच्याआधीचे तीन संपादक निवृत्त झाल्यावर मिळालेला.

"ओबारासान, वाईट वाटून घेऊ नका. एप्रिलपासून कलेचं पान अर्धं होतंय."

"मग मी अर्धं लिहीन."

"अर्ध्यात काय ठेवायचं ते ठरतंय. वरून विचारतायत, हा फेरफटका वाचतं कोण?"

"तू वाचतोस की."

"मला वाचायचा पगार मिळतो."

दोघेही थोडे हसले. मग नारिताने घसा साफ केला. मागचा लेख संकेतस्थळावर अकरा जणांनी उघडला होता, त्यात चार वेळा तो स्वतः होता, असं त्याने सांगितलं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता, ही त्यातल्या त्यात वाईट गोष्ट होती.

"सोमवारी बैठक आहे. काहीतरी दाखवायला द्या. तुमच्यामुळे माणसं नाटकाला जातात असा एखादा आकडा. मी भांडतो तुमच्या बाजूने."

फोन ठेवल्यावर मुत्सुएने चहाचा कप धुतला, पुसला आणि कपाटात उपडा ठेवला. कपाटात तसे सहा कप होते. पाच कपांच्या तळाशी धूळ बसली होती. पेपरात स्वतःचं टेबल नाही, ओळखपत्र नाही, वर्षअखेरच्या मेजवानीला बोलावणं नाही. पण शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी शहरात कुठेतरी कुणीतरी पान उलगडून तिचं लिहिलेलं वाचत असणार, असं ती धरून चालली होती. असं धरून चालल्याला बावीस वर्षं झाली होती.

शुक्रवारी लेख पाठवून ती खोक्यांसमोर जाऊन बसली. जिन्याखालची अरुंद खोली. फुमीसान शाळेच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होत्या. आता त्या मंडळींची तिकिटं फाडतात, चपला लावतात आणि प्रश्नावल्या नाटकवार, प्रयोगवार दोऱ्याने बांधून ठेवतात. त्यांनी चहा आणला, बशीत मुळ्याचं लोणचं.

"अकरा वर्षं, सव्वीस नाटकं," फुमीसान म्हणाल्या. "एकही कागद टाकलेला नाही. चिदा म्हणतो रद्दीत द्या. मी म्हटलं, तुझी नाटकं देते आधी."

"मला कधी मिळाली नाही ही प्रश्नावली."

"पत्रकारांना देत नाही आम्ही. तुमचं तर छापून येतं. तुम्हाला पेन्सिल कशाला?"

त्या गेल्यावर मुत्सुएने पहिला दोरा सोडला.

*ओळखीचे कलाकार. ओळखीचे कलाकार. ओळखीचे कलाकार. हस्तपत्रक. ओळखीचे कलाकार. इतर (मी एका नटाची आई).* बोटं गारठली तशी ती कागद मांडीवर घेऊन उलटू लागली. मोरिओकातलं नाटक मोरिओकातल्या नाटकवाल्यांचे नातेवाईक बघतात, हे तिला ठाऊक होतं. तसं तिने एकदा लिहिलंही होतं, जरा मिश्कीलपणे. आता ते मिश्कील वाटत नव्हतं.

पहिल्या नाटकात वर्तमानपत्रासमोर एक खूण होती. एकच. दुसऱ्या नाटकात एक. तिसऱ्यात एक. चौथ्या गठ्ठ्याशी तिने चहा बाजूला ठेवला आणि पहिल्या तीन गठ्ठ्यांतले ते तीन कागद काढून शेजारी शेजारी मांडले.

अक्षर एकच होतं. टोकदार, सरळ, पट्टीने ओढल्यासारखं. वय: सत्तरच्या वर. प्रयोग: रविवार, दुपारी दोन.

३. सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट कोणती?

*लेखातली खुर्ची पाहिली. मजबूत आहे.*

*लेखात म्हटलंय दुसरी बहीण पूर्ण नाटकात बसत नाही. मोजलं. एकदा बसते.*

*लेखात पावसाचा आवाज म्हटलाय. मला तांदूळ धुतल्यासारखा वाटला. तरी चांगला होता.*

*कळलं नाही. घरी जाऊन लेख पुन्हा वाचणार आहे.*

*लेखातला निळा दिवा दिसला नाही. शेवटपर्यंत वाट पाहिली. तरी आलो ते बरं झालं.*

४. काही गैरसोय झाली का? (खुर्ची, थंडी, आवाज, इतर)

*शेवटच्या रांगेत दारातून वारा येतो.*

*शेवटच्या रांगेत दारातून अजूनही वारा येतो.*

सव्वीस नाटकं, पंचवीस खुणा. एका नाटकाच्या गठ्ठ्यात वर्तमानपत्रासमोर काहीच नव्हतं. मुत्सुएने तारीख पाहिली. सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. त्या आठवड्यात आई गेली होती आणि फेरफटका छापून आला नव्हता.

तिने तो गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला. दोऱ्याची गाठ काही केल्या बसेना.

शेवटच्या चार नाटकांत अक्षर बदललं होतं. टोकं जाऊन गोल झालं होतं. वय तेच, रविवार तोच. पण आता भांडण संपलं होतं. चारही वेळा एकच ओळ: *सगळं लेखाप्रमाणेच होतं. छान.* म्हातारपणाने हात मऊ पडला असेल, मुत्सुएने मनाशी म्हटलं. हात मऊ पडला की माणूसही मऊ पडत असेल. तिला मात्र जुना हात हवा होता, बहीण एकदा बसते म्हणून सांगणारा.

तिथूनच तिने नारिताला फोन लावला.

"एक," ती म्हणाली.

"एक काय?"

"वाचक. पण अकरा वर्षं. लेख आला नाही तेव्हा आलासुद्धा नाही."

पलीकडे नारिताच्या मागे कुणीतरी छपाईच्या वेळेवरून ओरडत होतं.

"ओबारासान, एकाने पान चालत नाही हो," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही सांगताय ते... त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणता येतील? त्यांच्या हाताने. मी बैठकीत नुसतं वाचून दाखवतो. आकड्यापेक्षा कधीकधी तेच लागू पडतं."

घरी जाताना तिने पोस्टातून एक कोरं कार्ड घेतलं. पत्त्याच्या बाजूला पेपराचा पत्ता घालून ठेवला, म्हणजे त्यांना फक्त दोन ओळी लिहायला लागाव्यात.

संध्याकाळी पेपर आला. *झाकण तीनदा वाजतं आणि थोरला भाऊ गप्प होतो. हसू येण्यासारखं या नाटकात काही नाही. पण ते झाकण ऐकायला जरूर जा. ओ.*

५. मोकळेपणाने लिहा.

रविवारी दीड वाजता फुमीसाननी तिला दारात पाहिलं आणि हातातली तिकिटं तशीच राहिली.

"सेन्सेई? काही विसरलात का गुरुवारी?"

"तिकीट द्या. शेवटच्या रांगेतलं."

"तुम्हाला तिकीट? चिदा ऐकेल तर भोवळ येऊन पडेल. आणि शेवटची रांग कशाला, तिथे वारा येतो."

"माहीत आहे."

फुमीसाननी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिकीट फाडलं, हस्तपत्रकांचा जुडगा दिला आणि त्यावर, जरा थांबून, प्रश्नावली ठेवली. त्यावर बोटाएवढी पेन्सिल.

मुत्सुए दारापासून तिसऱ्या खुर्चीवर बसली. माणसं येत होती. कोट काढत होती, एकमेकांना वाकून नमस्कार करत होती, "अगं, तू पण!" म्हणत होती. सत्तरच्या वरचे पुरुष तिघे आले. एक पुढच्या रांगेत गेला आणि धाकट्या भावाचं काम करणाऱ्याच्या आईशेजारी बसला. दुसरा नातीबरोबर होता. तिसरा मधल्या रांगेत बसून लगेच डोळे मिटून राहिला. शेवटच्या रांगेकडे कुणी फिरकलं नाही. पिशवीतलं कोरं कार्ड तिने दोनदा चाचपून पाहिलं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना एक म्हाताऱ्या बाई दारातून आत आल्या, टोपीवरचा बर्फ बाहेरच झटकून आल्या असाव्यात, तरी खांद्यावर थोडा होताच. दारालगतच्या खुर्चीवर त्यांनी आधी एक छोटी उशी ठेवली, मग त्या बसल्या, मग गुडघ्यांवर शाल घेतली. सगळं नेहमीचं असल्यासारखं. मुत्सुएकडे वळून त्यांनी मान लववली.

"तिकडे वारा लागतो ना? शाल मोठी आहे, घ्या थोडी."

"नको, मला सवय आहे."

"इथली? तुम्ही तर पहिल्यांदाच दिसताय."

"हो. म्हणजे थंडीची."

"कुणी ओळखीचं काम करतंय का?"

"नाही."

"मग आलात कशा? इथे सगळे कुणाचे ना कुणाचे असतात." बाई पुढच्या रांगांकडे हनुवटी उडवून म्हणाल्या. "लग्नघरी आल्यासारखं वाटतं मला दर वेळी. आम्हीच तेवढे कुणाचे नाही."

मुत्सुएने पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली.

बाई खुर्चीसकट वळल्या. "शुक्रवारच्या? फेरफटक्यात?"

"हो."

"अगं बाई!" त्यांनी मुत्सुएचं मनगटच धरलं. हात बर्फासारखा गार होता. "म्हणजे आणखी कुणी वाचतं! आमचे हे काय म्हणायचे माहितीये? म्हणायचे, तोमी, हे सदर त्या बाई फक्त आपल्या दोघांसाठी लिहितात, आपण मेलो की बंद पडेल. आता सांगते त्यांना जाऊन."

"ते आले नाहीत?"

"ताकिझावाला ठेवलंय त्यांना, वृद्धाश्रमात. दीड वर्ष झालं. अर्धं अंग गेलं." त्यांनी पिशवीतून घडी केलेलं कात्रण काढलं. कडा कात्रीने सरळ कापलेल्या होत्या. "जमीन मोजणी खात्यात होते ना, सगळं मोजून बघायची खोड. शुक्रवारी मी पेपर घेऊन जाते, वाचून दाखवते. मग म्हणतात, जा, बघून ये. बोलता येत नाही नीट, पण 'जा' मात्र स्पष्ट म्हणतात."

मुत्सुएचा हात पिशवीत गेला होता. कार्डाच्या कडेला तिची बोटं लागली होती. दिवे मंद झाले आणि तिने हात रिकामाच बाहेर काढला.

नाटक सुरू झालं. सहाव्या मिनिटाला थोरल्या भावाने शेगडीतली राख उकरत म्हटलं, "बाबा गेले तेव्हासुद्धा तू पाच मिनिटं उशिरा आलास." गुरुवारी या वाक्यापुढे मुत्सुएने वहीत 'ढिलं' असं लिहिलं होतं. आज चाळीस माणसं मोठ्याने हसली. चिदा थांबला, हसू ओसरेपर्यंत राख उकरत राहिला, मग पुढचं वाक्य टाकलं आणि माणसं आणखी जोरात हसली. गुरुवारचा सगळा ढिलेपणा या हसण्यासाठी मोकळी सोडलेली जागा होती. मुत्सुएही हसली, इतरांच्या जरा मागून. शेजारी बाई अंधारात कात्रण डोळ्यांजवळ धरून बघत होत्या.

"हसू नाही म्हटलंय यात," त्या कुजबुजल्या, आणि पदरात हसावं तसं शालीत हसल्या.

धाकटा म्हणाला, "कारखाना मी विकणार नाही." मुत्सुएने श्वास धरला. बाईंनीही मान पुढे काढली, उजवा कान रंगमंचाकडे केला. थोरला भाऊ किटलीकडे बघत राहिला. काही वाजलं नाही. त्याने हात पुढे करून झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. सभागृहात कुणाच्या खुर्चीचीही करकर नव्हती. मग तो उठून गेला.

हे गुरुवारपेक्षा चांगलं होतं. मुत्सुएला ते कबूल करायला नाटक संपेपर्यंत वेळ लागला.

टाळ्या थांबल्यावर चिदाने नेहमीसारखं आभाराचं भाषण केलं. "शुक्रवारी आमच्या किटलीने भलत्याच ठिकाणी तोंड उघडलं," तो म्हणाला. "म्हणून तिचं पाणीच बंद केलं. माझा रोजचा धंदाच तो, पाणी तोडण्याचा." सगळे हसले. मग त्याची नजर शेवटच्या रांगेपर्यंत आली, तिथे अडखळली, आणि तो जे बोलणार होता ते विसरून नुसताच खूप खाली वाकला.

६. पुढच्या नाटकाचं पत्र हवं असल्यास नाव-पत्ता लिहा.

"वाजलं नाही ना?" बाईंनी विचारलं. "का माझाच कान गेला?"

"वाजलं नाही."

"जाऊ दे. मी सांगीन वाजलं म्हणून." त्यांनी प्रश्नावली मांडीवर घेतली, न शोधता वर्तमानपत्रासमोर खूण केली आणि गोल अक्षरात लिहायला लागल्या. *सगळं लेखाप्रमाणेच*

"नेहमी असंच सांगता?"

"मग काय करू? लेखात असतं ते इथे असतंच असं नाही. एकदा निळा दिवा नव्हता, तर हे आठवडाभर नीट जेवले नाहीत. म्हणाले, त्या बाईंना पत्रच लिहितो."

"लिहिलं?"

"कुठलं! कागद काढला, पेन काढलं. मग म्हणाले, नको, एवढ्या जीव लावून लिहितात, वाईट वाटेल त्यांना." बाईंनी वर पाहिलं. "तुमचं नाही का भरायचं?"

मुत्सुएने पहिल्या प्रश्नासमोर पेन्सिल धरली. पाच चौकोन होते. तिने वर्तमानपत्रासमोर खूण केली. बाईंनी ती पाहिली आणि समाधानाने मान हलवली, वर्गात शेजारणीचं उत्तर आपल्याशी जुळावं तशी.

पुढे माणसं कोट चढवत होती. दार उघडं राहिल्याने वारा थेट अंगावर येत होता. कार्ड पिशवीत होतं. दोन ओळी मागायला आत्ता मिनिटभर पुरलं असतं, मी ओ., एवढं म्हटलं की झालं. बाई आनंदाने लिहून देतील, उद्या नारिता वाचून दाखवील. आणि आज संध्याकाळी ताकिझावाला त्या सांगतील, कुणी नव्हतं हो दुसरं वाचणारं, त्या बाईच होत्या.

मुत्सुएने पिशवीची चेन ओढून घेतली.

"तुम्ही हे शेवटचं भरत नाही," ती म्हणाली. "नाव, पत्ता."

"कशाला? पेपरात येतंच की."

"येतं."

"मग?"

"तरी असू द्या. नाटक ठरलं की ही मंडळी घरी पत्र पाठवतात. पेपर एखाद्या वेळी चुकतो."

"सहा वर्षांपूर्वी चुकला होता एकदा," बाई म्हणाल्या. "आम्ही दोन शुक्रवार वाट पाहिली. हे म्हणाले, बाई आजारी असतील." मग वाकून लिहू लागल्या. *याएगाशी तोमी.* पत्ता लिहायला त्यांना बराच वेळ लागला. इमारतीचा क्रमांक खोडून पुन्हा लिहिला. "आता तुमचा. दोघींना आलं म्हणजे बरोबर बसता येईल. मी उशी दोन आणीन."

मुत्सुएने लिहिलं. या सभागृहाची पत्रकं बावीस वर्षं पेपराच्या पत्त्यावर यायची, तिथून तिच्याकडे. घराचा पत्ता तिने इथे पहिल्यांदाच घातला.

बाईंनी चष्मा वर करून तो कागद वाचला. "ओबारा," त्या म्हणाल्या. मग कात्रणाकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे, जरा जास्त वेळ. "ओबारा आमच्या माहेरी पुष्कळ," त्या म्हणाल्या आणि कागद परत केला.

दोघीही उठल्या नाहीत. रंगमंचावर कुणीतरी शेगडी उचलून नेत होतं.

"मग झाकणाचं काय सांगू त्यांना?" बाईंनी विचारलं.

मुत्सुएने शेगडी आत जाईपर्यंत वाट पाहिली.

"वाजलं नाही म्हणून सांगा. पाणी काढून टाकलं होतं. आणि लोक हसले, फार हसले, तेही सांगा. ते लेखात चुकलंय."

बाईंनी पेन्सिल घेतली. आधी प्रश्नावलीवरची अर्धी ओळ खोडली. मग कात्रण गुडघ्यावर सरळ केलं आणि 'ओ.'च्या खाली उरलेल्या कोऱ्या पट्टीत, गोल अक्षरात, हळूहळू लिहिलं: *लोक हसले.*